नजरबादचा रहस्यपट

म्हैसूरच्या राजवाड्यापासून पूर्वेकडे निघाले, चामुंडीची टेकडी उजव्या हाताला ठेवली, की थोड्याच वेळात नजरबाद लागते. आज तेथे पोलीस ठाणे आहे, सरकारी कचेऱ्या आहेत, जवळच प्राणिसंग्रहालय व कारंजी तलाव आहे; परंतु जे नगर म्हणून हे नाव ठेवण्यात आले, ते मात्र नाही. टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि त्याचेच दगड वाहून आणून येथील उंचवट्यावर नवे नगर वसविण्यास घेतले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणास तो पडला. त्यानंतर तेच दगड पुन्हा उचलून मूळ जागी किल्ला उभारण्यासाठी नेण्यात आले. दगड आले, दगड गेले, नाव राहिले. इतिहासात अशी उदाहरणे विरळ नसतील. पण ज्या जागेच्या नावातच ‘नजर’ आहे, तेथे पाहण्यासारखे काही उरू नये, हे मला प्रथमपासून थोडे चमत्कारिक वाटत आले आहे. (मराठी मनुष्याला येथे ‘नजरबंदी’ हा गारुड्याचा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. व्युत्पत्तीचा त्याच्याशी संबंध नाही, हे मान्य.)

अभ्यागत प्राध्यापक म्हणून या शहरी आल्यापासून मी नजरबादेतच राहतो. येथे माझ्याकडे येणाऱ्यांत एका महाविद्यालयातील माध्यमविषयाचे पाच विद्यार्थी आहेत. त्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वीस मिनिटांचा एक रहस्यपट करावयाचा आहे. त्यापूर्वी संशोधन व नियोजन यांची एक वही सादर करावी लागते. तीत त्या जातीच्या चित्रपटांचा अभ्यास, प्रेक्षकांची पाहणी, स्थळनिरीक्षण, पटकथेचा आराखडा, चित्रचौकटींची रेखाटने, खर्चाचा अंदाज असे सर्व काही असावे लागते. गुण चित्रपटाला जितके, जवळजवळ तितकेच या वहीला. पाचांपैकी दोघी म्हैसूरच्या, एक हासनचा, एक वायनाडहून आलेला मल्याळी, आणि एक निपाणीचा. निपाणीकराच्या घरी मराठी बोलतात, शाळा कानडी झाली, आणि वादाला तोंड फुटले की तो इंग्रजीत शिरतो. ‘मराठी सर’ म्हणून मला शोधून काढले ते त्याने.

त्यांना माझ्याकडून हवे होते ते असे. ‘मेरा साया’ (१९६६) हा राज खोसलांचा चित्रपट त्यांनी अभ्यासासाठी निवडला होता. त्याचे मूळ राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटात आहे, आणि त्याचेही मूळ जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीत, एवढे त्यांना समजले होते. मध्यंतरी १९६५ मध्ये तमिळमध्ये ‘इदय कमलम’ झाला, हे मल्याळी विद्यार्थ्याने भर घातली. पत्नीचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलेला एक वकील. हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, ‘मीच तुमची पत्नी’ म्हणणारी एक आरोपी स्त्री. आणि न्यायालयात तिने सांगितलेल्या, दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी. दोन वर्षांत हे कथानक एका पुस्तकातून तीन भाषांच्या पडद्यांवर गेले. तौलनिक साहित्याच्या आमच्या वर्गांत प्रभाव आणि संक्रमण यांची चर्चा महाकाव्ये व कादंबऱ्या यांच्या आधारे वर्षानुवर्षे चालते; परंतु भारतीय भाषांमध्ये कथा प्रत्यक्षात इतक्या वेगाने हिंडल्या असतील, तर त्या अशा मार्गांनी, याची दखल आम्ही क्वचितच घेतली.

निपाणीच्या विद्यार्थ्याने एकदा आजोबांच्या ट्रंकेतील बाबूराव अर्नाळकरांची काही पुस्तके आणली. पाने तपकिरी झालेली, कोपरे कुरतडलेले. झुंजार, काळा पहाड ही नावे ऐकून म्हैसूरच्या मुलींना हसू आले. पण त्यांच्याच घरी एन. नरसिंहय्या यांच्या पत्तेदार पुरुषोत्तमाची नावाजलेली परंपरा होती, हे लक्षात आल्यावर ते हसू मावळले. ‘पत्तेदारी’ हा कानडीतील शब्द मला फार आवडला. आपण मराठीत ‘गुप्तहेरकथा’ म्हणतो, म्हणजे गुप्ततेवर भर देतो. कानडीत भर पत्ता लावण्यावर आहे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, नरसिंहय्यांनी शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही भाषांत सामान्य माणसाला वाचनाची गोडी लावण्याचे काम या दोघांनी जेवढे केले, तेवढे मान्यवरांपैकी फारच थोड्यांच्या हातून झाले असेल. वाङ्मयेतिहासात मात्र दोघांच्या वाट्याला ओझरता उल्लेख येतो. पूर्णचंद्र तेजस्वींसारख्या, याच शहरात शिकलेल्या श्रेष्ठ लेखकाने १९९४ मध्ये ‘जुगारी क्रॉस’ ही थरारकादंबरी लिहिली तेव्हा कानडी समीक्षेला या प्रकाराकडे वळून पाहावे लागले. मराठीत तसा प्रसंग यावा तितक्या जोमाने आला नाही, असे माझे मत आहे.

हे सर्व वहीच्या पहिल्या भागात गेले. खरा प्रश्न उभा राहिला तो विषय ठरविताना.

म्हैसूरच्या पश्चिमेस हुणसूर रस्त्यावर प्रीमियर स्टुडिओ होता. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी तेथे ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू असता आग लागली. अधिकृत आकड्यानुसार ६२ माणसे दगावली. मालिकेचे दिग्दर्शक व नायक संजय खान स्वतः गंभीररीत्या भाजले व पुढे अनेक महिने रुग्णालयात होते. मालिका पूर्ण झाली, १९९० मध्ये दूरदर्शनवर दाखविली गेली, आणि देशभर लोकांनी ती पाहिली. हासनच्या विद्यार्थ्याने हा विषय सुचविला. ज्या सुलतानाने आपल्या गल्लीला नाव दिले, त्याच्याच मालिकेसाठी जळालेला स्टुडिओ; रिकाम्या जागेत रात्री गेलेले तरुण; जुन्या चित्रफितीचा एक डबा; त्यात कोणीतरी मुद्दाम आग लावल्याचा पुरावा. निपाणीकराला कल्पना इतकी पसंत पडली की त्याने त्याच रात्री आठ चौकटी रेखाटल्या.

म्हैसूरच्या दोघींपैकी एकीने आपल्या आजोबांना विचारण्याचे कबूल केले. हे आजोबा एके काळी सुतारकाम करीत, सेट उभारणाऱ्या लोकांत त्यांची ऊठबस होती. एरवी गप्पिष्ट माणूस. नातीने प्रश्न विचारताच ते उठले, आत गेले आणि जेवणाची हाक येईपर्यंत बाहेर आले नाहीत. एवढेच घडले. दुसऱ्या दिवशी तिने गटाला सांगितले की हाच विषय ठरणार असेल तर मी या गटात नाही.

येथे दोन तट पडले. निपाणीकराचे म्हणणे सरळ होते. “सर, ‘माफीचा साक्षीदार’ काढलाच की आपल्या लोकांनी. पुण्यातले खून खरेच झालेले होते. मग आम्हीच का गप बसायचं?” जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला तो चित्रपट १९८६ मध्ये आला. त्या गुन्ह्यातील आरोपी एका कलाशिक्षणसंस्थेचे विद्यार्थी होते, म्हणजे साधारण या मुलांच्याच वयाचे, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो थोडा चपापला. पण त्याचा मुद्दा खोटा नव्हता. सत्य घटनेवर रहस्यपट करू नये, असा नियम मी त्यांना देणार नव्हतो. असा नियम केला तर जगातील निम्मे रहस्यवाङ्मय बाद करावे लागेल.

मी त्यांना एकच गोष्ट करावयास सांगितली: आगीविषयी त्या काळी छापून आलेले वृत्तान्त वाचा आणि त्यांत ‘रहस्य’ कोठे आहे ते दाखवा. चौघेजण आठवडाभर ग्रंथालयात बसले. (पाचवी आली नाही, तिला मी आग्रह केला नाही.) त्यांनी जी टिपणे आणली ती अशी: भिंतींना गोणपाट लावलेले, हवा खेळण्यास वाव नाही, प्रखर दिव्यांची उष्णता, विजेच्या तारा सैल, आग विझविण्याची साधने अपुरी. आणि त्याखाली हासनच्या मुलाने, जो विषयाचा जनक होता, कानडीत एक ओळ लिहिली होती. तिचा अर्थ असा की यांतील प्रत्येक गोष्ट आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती.

या ओळीने आमच्या चर्चेचे वळण बदलले. रहस्यकथेच्या घडणीत कोणीतरी काहीतरी लपविलेले असावे लागते. काळा पहाड असो, ‘पाठलाग’मधील जुळ्या बहिणीचे अस्तित्व असो, उलगडा म्हणजे झाकलेले उघडे करणे. येथे झाकलेले काहीच नव्हते. गोणपाट भिंतीवर होते, दिवे डोक्यावर होते. जेथे कट नव्हता तेथे कट कल्पिला, मुद्दाम आग लावणारा एक खलपुरुष उभा केला, की प्रेक्षकाला हायसे वाटते. दोष एका माणसाचा ठरतो, तो पकडला जातो, दिवे लागतात, आपण घरी जातो. रहस्यपटाचे सुख पुष्कळदा या हायसेपणात असते. परंतु या ६२ मृत्यूंच्या बाबतीत ते सुख म्हणजे उघड असत्य झाले असते, आणि ते असत्य त्या सुताराला त्याच्या नातीच्या हातून ऐकावे लागले असते.

हिचकॉकने त्रुफोला सांगितलेले टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण या मुलांना तोंडपाठ आहे. बाँब प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर क्षणभराचा धक्का. ठाऊक असेल आणि पात्रांना नसेल, तर पंधरा मिनिटांचा ताण. मल्याळी विद्यार्थ्याने हेच सूत्र स्टुडिओला लावून पाहिले: आपण गोणपाट दाखवू, दिवा दाखवू, आणि प्रेक्षक वाट पाहील. मी विचारले, कशाची? तो बराच वेळ काही बोलला नाही.

याच सुमारास मी त्यांना ‘२२ जून १८९७’ (१९७९) दाखविला. जयू व नचिकेत पटवर्धन या वास्तुविशारद दांपत्याचा हा चित्रपट. त्याच्या लेखनात शंकर नाग यांचा वाटा होता, हे ऐकून कानडी मुले सरसावून बसली. या चित्रपटाचे नावच त्यातील घटनेची तारीख आहे. रँडवर गोळी झाडली जाणार, हे प्रेक्षक तिकीट काढतानाच जाणतो. तरीही ताण टिकतो, कारण प्रश्न ‘कोणी’ हा नसून ‘कोणाला ठाऊक होते आणि त्यांनी काय केले’ हा आहे. वधानंतर वीस हजार रुपयांचे बक्षीस लागते, आणि मग ठाऊक असणे हीच गोष्ट धोक्याची होते. मुलांनी तो चित्रपट दोनदा पाहिला. स्थळे, पोशाख, घरांची अंतरंगे यांचा अभ्यास केलेला कसा दिसतो, हेही त्यांना तेथे कळले. त्याविषयी मला वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

नवा आराखडा त्यांचा आहे, त्यात माझे काही नाही. एका काल्पनिक शहरातील एक काल्पनिक सभागृह. नव्याने नोकरीस लागलेला वीजतपासनीस तेथील तारा पाहून अहवाल लिहितो. अहवाल कोणी दडवीत नाही, फाडीत नाही. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक ठिकाणी त्याला आवक क्रमांक मिळतो, प्रत्येकजण तो वाचतो आणि सही करतो. तिकडे सभागृहात उत्सवाची तयारी चालू आहे. चित्रपट आगीपूर्वीच संपतो. आग लागते की नाही, ते दाखवावयाचे नाही. पाचवी विद्यार्थिनी परत आली आणि पटकथेचे लेखन तिनेच हाती घेतले. स्टुडिओचे नाव कोठेही नाही. त्यांच्या विभागातील एका परीक्षकाने आराखडा वाचून शेरा मारला: यात गुन्हेगार कोण, ते स्पष्ट करावे. मुले रागावली. मला तो शेरा वाईट वाटला नाही. पटकथेतील प्रत्येक टेबलामागचा माणूस तोच विचारीत असणार.

रहस्यपट म्हणून हा कितपत चालेल, याची मला शंका आहे. विद्यार्थ्यांच्या रहस्यपटाला उज्ज्वल पूर्वज आहेत: पुण्याच्या चित्रपटसंस्थेत, जुन्या प्रभातच्या आवारात, विधू विनोद चोप्रा यांनी १९७६ मध्ये ‘मर्डर ॲट मंकी हिल’ हा पदविकापट केला तो याच जातीचा होता, आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तेथे मारेकरी आहे, पिस्तूल आहे, थरार आहे. येथे आवक क्रमांक आहेत. निपाणीकराला अजूनही एखादा पाठलाग हवा आहे, आणि वीस मिनिटांत एक तरी माणूस धावला पाहिजे हे त्याचे म्हणणे मला पटते. भाषेचा वादही मिटलेला नाही. अहवाल इंग्रजीत, शेरे कानडीत, शिपायाची बोली दख्खनी. मग तपासनीस मनातल्या मनात कोणत्या भाषेत घाबरतो? निपाणीकराने उत्तर दिले, “मराठीत.” बाकीच्यांनी मत राखून ठेवले आहे.

चित्रीकरणासाठी त्यांनी जवळचेच एक मंगल कार्यालय पाहिले. स्थळनिरीक्षणाच्या पानावर मोजमापे घेताना हासनच्या विद्यार्थ्याला दिसले की दोन दरवाजांपैकी मागचा बाहेरून कुलपात आहे आणि आतून त्याला टेकवून खुर्च्यांच्या चळती रचल्या आहेत. व्यवस्थापकाने हसून सांगितले, कार्यक्रमाच्या दिवशी उघडतो. मुलांनी तारीख घालून ते वहीत नोंदविले. त्यानंतर ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्या खेपेस खुर्च्या हलविलेल्या होत्या. कुलूप होते तसेच होते.