डिशवॉशरची कुरकुर आणि आपले कान

भिवंडीत दवाखाना चालवणाऱ्याला यंत्रांच्या आवाजाची सवय असतेच. येथील मुरलेला जॉबर खडखडाटातूनही नेमक्या कोणत्या यंत्रमागात बिघाड आहे, हे कानाने ओळखतो. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हापासून आम्ही डॉक्टरही तेच करीत आलो आहोत. म्हणूनच आमच्या घरचा डिशवॉशर कुरकुरू लागला, तेव्हा मी रुग्णाला विचारतो तेच प्रश्न विचारले: आवाज केव्हा येतो, कसा येतो आणि तो नवा आहे का?

काही आवाज निरोगीच असतात. पाणी आत येताना सळसळ, साबणाची कप्पी उघडताना ‘टक्’ आणि पाणी बाहेर जाताना गुडगुड, यांत घाबरण्यासारखे काही नाही. ठरावीक अंतराने ‘ठक्-ठक्’ येत असेल, तर फिरणारा फवारा एखाद्या भांड्यावर आपटत असतो. आमच्याकडे कालथ्याचा दांडा जाळीतून खाली उतरला होता. तो आडवा ठेवताच आवाज थांबला. भांडी भरल्यावर फवारा हाताने एकदा फिरवून पाहिला, की हा त्रास टळतो.

खरखर किंवा दळल्यासारखा आवाज आला, तर गाळणीपाशी चिंचोका, हाडाचा तुकडा किंवा काच अडकल्याची शंका घ्यावी. पंप नुसताच घुमतो आणि पाणी साचून राहते, तेव्हाही कारण बहुधा अडथळ्याचेच असते. अशा वेळी आधी प्लग काढावा, पाण्याचा नळ बंद करावा, यंत्र थंड होऊ द्यावे आणि मगच गाळणी काढावी. काच बोटांनी चाचपू नये; चिमट्याने उचलावी. जळका वास, गळती किंवा विजेचा झटका जाणवल्यास ओल्या हाताने यंत्राला स्पर्श न करता मुख्य स्विच बंद करावा आणि कारागीर बोलवावा. डिशवॉशरचा साबण तीव्र अल्कधर्मी असतो. मुलाने तो तोंडात घातल्यास तोंड पाण्याने पुसून काढावे, उलटी करवू नये आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

परंतु डॉक्टर म्हणून मला अधिक काळजी वाटते ती न ऐकू येणाऱ्या आवाजाची. मागावर आयुष्य घालवलेल्या अनेकांच्या घरी एकच संवाद घडतो. पत्नी म्हणते, “अहो, यंत्र किती किरकिरतंय!” ते म्हणतात, “मला तर काहीच ऐकू येत नाही.” अशा वेळी यंत्राबरोबर कानांचीही तपासणी व्हायला हवी. सततच्या गोंगाटाने प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर हरपतात. बोलणे ऐकू येते, पण शब्द स्पष्ट होत नाहीत. म्हणून दोष बरीच वर्षे लक्षात येत नाही. अशा प्रकारे गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही; उरलेली मात्र जपता येते.

८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास राहणे कानांना घातक ठरते, आणि यंत्रमागाच्या शेडमधील आवाज सहसा त्याहून अधिक असतो. कानात साधा कापूस घालून पुरेसे संरक्षण मिळत नाही. योग्य मापाचे इअरप्लग वापरावेत आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. घरातील एखादा आवाज इतरांना ऐकू येतो आणि एकालाच येत नाही, असे दिसले तर त्यांची थट्टा करू नये. त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे.