सुटका आणि सोबत

कथा-कादंबरीच्या वाचनातून वाचकाला सुटका मिळते आणि सोबतही मिळते. एकच पुस्तक दोन्ही देऊ शकते, पण दोहोंची घडण वेगळी असते.

सुटका मिळते ती कथानकाच्या वेगातून आणि खात्रीतून. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतला नायक झुंजार किंवा काळा पहाड पुन्हा भेटला की नव्याने ओळख करून घ्यावी लागत नाही. तो कितीही अडकला तरी सुटणार, हे वाचकाला ठाऊक असते आणि दमलेल्या मनाला तेवढाच आधार पुरतो. अशा वाचनाला पळवाट म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. दिवसभर राबलेला माणूस रात्री तासभर दुसऱ्याच्या संकटात रमतो आणि सकाळी वेळेवर कामाला जातो. मुलांचेही तसेच. भा. रा. भागवतांचा बालनायक फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. मुलांना घरातून निसटायचे असते, पण ओळखीच्या रस्त्याने. म्हणून तो जवळचा वाटतो.

सोबत मात्र बोलणाऱ्या आवाजातून मिळते. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः दिली. तिची नायिका यमू आपली हकीकत स्वतः सांगते : लहानपणची भांडणे, मैत्रीण दुर्गीचे हाल, नवऱ्याचा सहवास आणि त्याच्या मृत्यूनंतर जबरदस्तीने झालेले केशवपन. घरातल्या थोरांपुढे ज्याचा उच्चारही करता येत नसे, ते सारे ती शांतपणे सांगत जाते. क्रमशः छपाईचा परिणामही मोठा होता. हप्ता संपला की पुढचा अंक येईपर्यंत यमूचे काय झाले असेल, हा घोर घरकाम करता करता वाचणारीच्या मनात राही. पुस्तक एका बैठकीत संपवणाऱ्याला असा सहवास लाभत नाही.

सोबत करणारे पात्र सज्जनच असावे लागते असे नाही. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेलवर राहतो, वडिलांचे पैसे उधळतो आणि शेवटी हात हलवत गावी परततो. बोलताना ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत जाण्याची त्याची लकब वाचणाऱ्याच्या तोंडी कधी बसते ते कळत नाही. धाकटी बहीण मनी गेल्यावर मात्र त्याची सगळी बेफिकिरी गळून पडते. तो स्वतःला चांगला म्हणवून घेत नाही. परगावी एकट्या पडलेल्या मुलाला म्हणूनच त्याचा भरवसा वाटतो.

या सोबतीला एक मर्यादा आहे : पात्र उत्तर देत नाही. वाचणाराच पदरचे काही घालून संवाद पुरा करतो, आणि हे पदरचे वयाबरोबर बदलते. विसाव्या वर्षी पांडुरंगाच्या बाजूने भांडणारा वाचक पन्नाशीत तेच पुस्तक उघडतो, तेव्हा त्याला पांडुरंगाच्या वडिलांचेही म्हणणे ऐकू येऊ लागते. वाचनातली खरी ओळख बहुधा दुसऱ्या वाचनापासून सुरू होते.

त्यामुळे एकट्या पडलेल्या माणसाला पुस्तक द्यायचे तर आधी त्याची अवस्था पाहावी. आजारात, काळजीत, रात्रीच्या जागरणात रहस्यकथा द्यावी. मन थोडे स्थिरावले की ‘मी’ म्हणून बोलणारी कादंबरी द्यावी, आणि ती परत मागण्याची घाई करू नये.