गोळीचं विष करतं कोण?

टीबीच्या कल्चर लॅबमध्ये ट्रेनिंगला लागले तेव्हा एन्झाइम म्हटलं की कुलूप-किल्लीची आकृती, एवढीच माझी शिदोरी होती. आयसोनियाझिडने तिचा पार विचका केला. १९५२ पासून डॉक्टर देत आलेली ही गोळी. मला वाटायचं, जंतूसाठी ती जहाल असणारच. मॅडम म्हणाल्या, “अगं, आत शिरते तेव्हा ती निरुपद्रवीच असते. तिचं विष जंतूच करतो.”

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला जंतू काय वेडा आहे? पण त्याचा नाइलाज असतो. आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात. तो निकामी करायला त्याच्याकडे कॅट-जी नावाचं एन्झाइम असतं. तेच आयसोनियाझिडलाही पेटवतं. पेटलेला तुकडा जंतूतल्याच एनएडी नावाच्या रेणूला चिकटतो आणि ही जोडगोळी इन्हा या दुसऱ्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते. इन्हाचं काम मायकोलिक आम्लाच्या साखळ्या वाढवण्याचं. साठ ते नव्वद कार्बनच्या या मेणचट साखळ्यांवरच जंतूची भिंत उभी असते. इन्हा अडकलं की भिंतीचं काम थांबतं.

इथवर कसंबसं पचवलं, तोच मॅडमनी एलपीएची, म्हणजे जंतूच्या जनुकांतले बदल दाखवणाऱ्या चाचणीची, पट्टी समोर धरली. कागदावर बारीक जांभळट रेघा. कॅट-जीच्या रांगेत मूळ जनुकाची रेघ गायब, म्यूटंटची मात्र ठसठशीत! ३१५ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन आलेलं. एवढासा बदल! पण त्यामुळे कॅट-जीचं पेरॉक्साइड निवारण बरंचसं शाबूत राहतं, गोळी पेटवणं मात्र जवळपास बंद पडतं. ढाल राहिली, धोंडा टळला. इतका बेमालूम डाव बघून मला जंतूचं कौतुकच वाटलं, आणि मग लाजही वाटली, कारण ती पट्टी कुणाच्या तरी थुंकीवरून आली होती.

कॅट-जीचा गोळीशी असलेला हा संबंध जनुकाच्या पातळीवर १९९२ मध्ये सिद्ध झाला. म्हणजे गोळी चाळीस वर्षं आधी आली, उलगडा नंतर.

दुसऱ्या पट्टीवर कॅट-जी ठणठणीत, बदल इन्हाच्या जनुकाआधीच्या भागात. तिथे जंतू इन्हाच जास्त बनवतो, नेहमीची मात्रा पुरी पडत नाही. मी दोन्हींवर ‘रेझिस्टंट’ लिहून मोकळी होणार होते. मॅडमनी पेन थांबवलं.

कारण दोन्हींचे अर्थ वेगळे. कॅट-जीमधल्या या बदलाने प्रतिकार सहसा जोरदार असतो. इन्हाचा असेल तर तो बहुधा सौम्य, वाढीव मात्रेने कधीकधी भागतं. पण इथिओनामाइड या टीबीच्या दुसऱ्या औषधाचा भरवसा उरत नाही, कारण त्याचंही लक्ष्य इन्हाच. तेव्हा रिपोर्ट हाती आला की नुसतं ‘आयसोनियाझिड रेझिस्टंट’ वाचून थांबू नका. कोणत्या जनुकात बदल आहे, तेही डॉक्टरांना विचारा.