ठणक्याला इंग्रजीत काय म्हणाल?

भारतातून इंग्रजी माध्यमाची पदवी घेऊन आलेल्यांचंही ब्रिटनमध्ये अडतं ते साध्या शब्दांपाशी. इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच ‘सर्जरी’ म्हणतात. आईला घेऊन तिथे गेलात, की डॉक्टर विचारतात, दुखणं कसं आहे? आईचा गुडघा ठणकतो, कंबरेत चमक भरते, पोटात मुरडा येतो. तिच्याकडे तीन शब्द आणि आपल्याकडे एकच, ‘पेन’! ‘थ्रॉबिंग’, ‘शूटिंग’, ‘क्रॅम्प’ म्हणता आलं, तर डॉक्टरांना निदानाची दिशा मिळते.

म्हणून म्हणते, भारदस्त शब्दांच्या याद्या पाठ करू नका. आपल्या पातळीचं वाचा. ती कशी ओळखायची? भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या मते, कोशाशिवाय गोष्ट नीट समजायला 100 पैकी साधारण 98 शब्द ओळखीचे लागतात. पानावर पाच-सात शब्द अडले, तर पुस्तक खुशाल परत करा. वाचनालयात ‘क्विक रीड्स’ मालिका मागा. 2006 साली सुरू झालेली ही छोटी, सोपी पुस्तकं मोठ्यांसाठीच असतात.

आणि आठवड्याला घरातले दोनच मराठी शब्द घेऊन त्यांचं इंग्रजी शोधा. सुरुवात आईच्या दुखण्यापासून करा.