ओटीवरचे खिळे

ओटीच्या भिंतीत दोन खिळे आहेत. त्यांवर सांबराची शिंगे असत. वन्यप्राण्यांचे अवशेष घरात असतील तर जाहीर करा, अशी मुदत सरकारने २००३ साली दिली. त्याच दिवसांत शिंगे उतरली. कुठे गेली, हे आबांनी कोणाला सांगितले नाही. एक टोक मागच्या दारी सहाणेजवळ राहिले होते. कुणाच्या छातीत दुखले की ते उगाळून लेप देत. आता बाम आहे.

पारध बंद झाली. शिमगा आटोपला की गाव रानात जाई. हाकारे डबे वाजवत खालून वर चढत, बंदूकवाले वरच्या वाटा धरून बसत. जनावर पडले की अंगणात वाटे लागत. ज्याचा बार त्याला डोके आणि मांडी. मग देवाचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, ज्या घरात पुरुषमाणूस नाही त्या घरचा वाटा, कुत्र्यांचा वाटा. कुंभ्याच्या पानांवर ते आबा मांडत. तराजू नसे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढे काही वर्षे पारध चोरून झाली, मग तीही थांबली. कायद्याला बोल लावण्यात अर्थ नाही. रान त्याआधीच रिकामे होत आले होते आणि ते आबांनाच आधी कळले होते.

गाभण मादीवर बार नाही. पाण्यावर आलेल्या जनावरावर बार नाही. हे कुठे लिहिलेले नव्हते.

मोत्या हा घरातला शेवटचा कुत्रा. गळ्यात खिळ्यांचा पट्टा असूनही बिबट्याने त्याला अंगणातून उचलला. पट्टा पऱ्यात सापडला.

घरामागून घाटमाथ्यावर जाणारी पाऊलवाट मोडली. ती पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात उतरे. आजी लग्न होऊन त्या वाटेने आली. धरण झाल्यावर तिचे माहेर शिवसागर जलाशयाखाली गेले. भाऊबंदांना जमिनी मिळाल्या त्या लांबच्या जिल्ह्यांत. तरी दर दिवाळीनंतर आबा माथ्यापर्यंत वाट साफ करून येत. का, असे विचारल्यास उत्तर देत नसत. १९८५ साली माथ्यापलीकडचे रान अभयारण्य झाले, २०१० साली व्याघ्र प्रकल्पात गेले. वाटेवर आता डोक्याइतकी कारवी आहे.

वाटेवरच्या जागांना नावे होती. सांबरलोळण. मधाचा कडा. बाळंतिणीचा धोंडा. धनगराचे पाणी. काळोखात कोण कुठे उभा आहे, हे त्या नावांवरून कळे. नकाशात ती नाहीत. वनखात्याच्या खांबांवर आकडे आहेत.

वाशिष्ठी पूर्वी मे महिन्यात तुटत असे. पात्रात डोह उरत आणि गाव मिळून डोह उपसत असे. १९६२ पासून कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरते आणि तिथून नदीला मिळते. नदी बारमाही झाली. डोह उपसणे संपले. आबांनी पाग आणला आणि वाहत्या पाण्यात टाकायला शिकले. पागाच्या शिशाच्या गोळ्या ते स्वतः ओतत. तो पाग माळ्यावर आहे. उंदरांनी खाल्ला आहे, गोळ्या शाबूत आहेत.

चढणीचे मासे कमी झाले. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे पऱ्यांतून, बांधांवरून उलटे वर चढत आणि भातखाचरांत अंडी घालत. मळ्ये, खवळे, शिंगट्या. गाव रात्री चुडी पेटवून बाहेर पडे. मागाहून पेट्रोमॅक्स आला, मग बॅटरी. पहिल्या रात्री आबा कोणाला पऱ्यात उतरू देत नसत. बांधावर बसून राहत, हातात काठी घेऊन. आधी चढूंदे, म्हणत. दुसऱ्या रात्री स्वतः पुढे असत. आता कोणी बांधावर बसत नाही. उन्हाळ्यात कोंडीत सुरुंग लावतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यात बोटाएवढे पिल्लूही मरते. खाचरे पडीक आहेत. मासा चढलाच तर त्याला पोचायला जागा नाही.

इरले गेले, प्लॅस्टिक आले. घोंगडी गेली. कमरेची आकडी गेली आणि तिच्यात अडकवायचा कोयताही. शेजारच्या गावातला लोहार मुलाकडे विरारला गेला. पेट्रोमॅक्सची काच आहे, मेंटल मिळत नाही, रेशनवर रॉकेल नाही.

मेलेली गुरे टाकायची जागा गावाबाहेर होती. तिथल्या आंब्यावर गिधाडे बसत. किती बसली, यावरून जनावर वाघाने मारले की रोगाने मेले हे आबा सांगत. हे खरे होते की ते गंमत करत, हे कळायला मार्ग नाही. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅकने गिधाडे मरतात हे उघड झाल्यावर २००६ साली त्यावर बंदी आली. तोवर आंबा रिकामा झाला होता. पुढे गुरेही गेली. गोठ्यात मोटारसायकल असते.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. माजघराच्या भिंतीला तडा गेला. आबांनी तो लिंपू दिला नाही. तड्याच्या टोकाला कोळशाने रेघ मारून ठेवली होती आणि दर पावसाळ्यानंतर तडा रेघेपुढे गेला का ते बघत. मागची बाजू पाडून स्लॅब टाकला तेव्हा भिंत गेली.

आबांची हाळी तीन वाड्यांना ऐकू जाई. वणवा, सर्प, मयत, आलेली एसटी, सगळे हाळीवर कळे. प्रत्येकाची हाळी वेगळी होती. आता मोबाइल आहेत. रेंज टेपावर येते.

भारंगी, टाकळा, फोडशी, कुड्याच्या शेंगा कुठे मिळतात हे अजून बायकांना माहीत आहे. अळंबी उगवायची वारुळे आबांना माहीत होती. ती त्यांनी थोरल्या नातीला दाखवली. ती लग्न होऊन नाशिकला असते.

आबा श्रावणात गेले. पऱ्याला पाणी होते. मुंबईची माणसे पोचायला दुपार झाली. सरणाला ऐन चांगला, धूर करत नाही, असे ते सांगत. लाकडे मिळाली ती आंब्याची आणि ओली. डिझेल आणावे लागले.

राखणीची माच दोन पावसांत कोसळली. शेवटची काही वर्षे तिच्याखाली भात नव्हतेच. आबा तरी रात्री तिथे जाऊन झोपत. डुकरे आता अंगणापर्यंत येतात, अळू आणि केळी उकरतात. परवा न्हाणीचा पाइप फोडला.

बंदूक ठासणीची होती. दारू, काथ्या, छर्रे, वर केप. परवाना शेतीसंरक्षणाचा. निवडणूक लागली की आबा ती पोतडीत घालून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करत आणि निकाल लागल्यावर परत आणत. पावत्या एका वहीत चिकटवलेल्या आहेत, लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत. आबा गेल्यावर धाकट्याने ती जमा केली. वारसाने अर्ज केला तर परवान्याचा विचार होतो. त्यासाठी पीकपाहणीत पीक दिसावे लागते, असे त्याला ठाण्यात सांगितले. सातबाऱ्यावर गवत लागले आहे. अर्ज कोणी केलेला नाही.