दर दोन तासांनी एक कूस

माणूस झोपेत रात्रभरात कितीदा तरी कूस बदलतो आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस दुसऱ्या कुणीतरी बदलावी लागते. साधारण दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही.

ती बदलली नाही तर काय होतं, हे मेडिसिनच्या वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरना विचारावं. माकडहाड, खुबे, टाचा. जिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं, तिथे अंगाचा भार पडून रक्त पोचेनासं होतं. आधी नुसता लाल चट्टा दिसतो. बोटाने दाबूनही तो पांढरा पडत नाही, तेव्हा अनुभवी नर्सच्या पोटात गोळा येतो, कारण आतलं मांस दुखावलेलं असतं. तिथून ही जखम, म्हणजे शय्याव्रण, हाडापर्यंत जाऊ शकते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये स्पष्टच म्हटलं आहे, की अशी जखम झाली तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो.

परळच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसनी ही परीक्षा जवळजवळ ४२ वर्षं दिली.

अरुणा शानबाग त्यांच्यातलीच एक. कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, केईएममध्ये नर्स, वय २५, लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. अरुणा जगली, पण बोलणं, चालणं, पाहणं सगळं गेलं. पुढे घरच्यांचं येणंही थांबलं. त्यांना बोल लावण्याचं कारण नाही. एवढा काळ हे पेलणं कोणत्याही घराला अवघडच होतं. ती जागा मग वॉर्ड क्रमांक चारच्या नर्सेसनी घेतली.

घेतली म्हणजे नेमकं काय केलं? अंग पुसलं, कपडे बदलले, चादरीची सुरकुती काढली, कूस बदलली. तोंडाने खाता येत होतं तोवर मऊ करून भरवलं. मासे दिले की तिचा चेहरा खुलतो, खोलीत फार माणसं जमली की ती अस्वस्थ होते, हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांच्या राउंडमध्ये या गोष्टी कळत नाहीत, त्या रोजच्या हाताला कळतात. नर्सिंगच्या नव्या विद्यार्थिनी आल्या की त्यांची अरुणाशी ओळख करून दिली जाई: ही आपल्यातलीच. तिला सांभाळणाऱ्या एक बाई निवृत्त झाल्या, तरी पगाराशिवाय तिचं करायला तयार होत्या. १९८० च्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवून खाट मोकळी करायचं ठरवलं, तेव्हा नर्सेस आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

तिला शांतपणे मरू द्यावं, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. त्यामागची कळकळही खरी होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच मोकळी झाली, पण अरुणासाठी ती परवानगी नाकारली गेली. तिच्या बाजूने बोलण्याचा हक्क कुणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण नाही, हेही त्या वेळी देशासमोर आलं. जगण्या-मरण्याच्या त्या वादात कोण बरोबर, यावर आजही मतं वेगळी असतील. त्या न झालेल्या जखमेबद्दल मात्र दुमत होऊ शकत नाही. तिच्यामागे कितीतरी पाळ्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक हातांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली. नर्सेस अंत्ययात्रेत होत्या, घरचं माणूस गेल्यासारख्या रडत.

अरुणाची गोष्ट टोकाची आहे. पण सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात तिचीच लहान रूपं रोज दिसतात. पक्षाघात झालेल्या आजोबांना घरी सोडायचं असतं. मुलगा औषधांच्या बिलात अडकलेला, सून खाटेच्या कडेला घाबरून उभी. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असणं नवं नाही. डिस्चार्जचा कागद देऊन ती मोकळी होऊ शकते. तरी एखादी सिस्टर थांबते. “ताई, इकडे या, माझ्यासमोर करून बघा,” म्हणते. गुडघा आधी वाकवा, एक हात खांद्यावर, एक खुब्यावर, ओढायचं नाही, वळवायचं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये दुसरी, टाचा अधांतरी. सुनेला पहिल्यांदा जमत नाही, दुसऱ्यांदा जमतं. “आणि तुम्ही जेवलात का?” हेही ती जाता जाता विचारते.

या दहा मिनिटांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. पण महिनाभराने आजोबांची पाठ कशी असेल, हे बरंचसं त्यांवरच ठरतं. अशा नर्सला दयाळू म्हणून गौरवलं जातं, ते योग्यच. पण दयेइतकंच ते कसब आहे, शिकलेलं आणि शिकवता येणारं, आणि त्याला वेळ लागतो. वेळ हवा तर वॉर्डात पुरेशा नर्सेस हव्यात. ही मागणी त्या वर्षानुवर्षं करत आहेत. रुग्णांच्या नातेवाईकांनीही ती त्यांच्याबरोबरीने करायला हवी.

आणि आपलं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी सिस्टरना सांगा: एकदा तुमच्यासमोर कूस बदलून बघतो, चुकलं तर सांगा.