दीडपट वेगाने पाहणाऱ्या भाच्यास

सातारा,
रविवार, दुपार

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. ‘आत्या, बघण्यासारख्या दहा मालिका सांग. जुन्या चालतील, पण फार संथ नकोत. मी सगळं दीडपट वेगानेच बघतो.’ हे वाचत उभी राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. ते तुझ्या खात्यावर मांडलं आहे. यादी देणार आहे, पण आधी माझं ऐकून घ्यावं लागेल. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठ्याने वर सरकवून मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला.

पहिलं नाव ‘तमस’. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली, १९८८च्या जानेवारीत दूरदर्शनवर आलेली. सुरुवातीलाच ओम पुरीचा नत्थू एका कोंदट खोलीत डुकराच्या मागे लागलेला दिसतो. तो कातडी कमावणारा माणूस, जिवंत जनावर मारायची त्याला सवय नाही. पैसे घेतलेत, काम तर झालंच पाहिजे. ते डुक्कर मरत नाही. मिणमिणता उजेड, धाप, घाम, पुन्हा झटापट. प्रसंग इतका लांबतो की आता हे आटपा एकदाचं, असं बघणाऱ्याला होतं. निहलानींना नेमकं तेच हवं आहे. पुढे ते मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि गाव पेटतं. त्या रात्रीचा गुदमर आपल्या छातीत बसलेला असल्याशिवाय नत्थूचं पुढचं भय कळत नाही. दीडपट वेगाने काय दिसेल? एका माणसाने डुक्कर मारलं. बस्.

ही मालिका दाखवू नये म्हणून लोक कोर्टात गेले होते, हे तुला ठाऊक नसेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती स्वतः बसून पाहिली आणि मग दाखवायला हरकत नाही असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. न्यायमूर्तींना तुझ्यापेक्षा कमी कामं असतात असं मला वाटत नाही.

दुसरी, गुलजारांची ‘मिर्झा गालिब’. तीही १९८८चीच. नसीरुद्दीन शहा शेर म्हणायच्या आधी जो थांबतो ना, त्यात अर्धा गालिब आहे. कर्ज, रुसलेली बायको, पाळण्यातच गेलेली मुलं हे सगळं तो त्या थांबण्यात साठवतो आणि मग तोंड उघडतो. जगजितसिंगांचा आवाज तू पळवलास तर वरातीतल्या बँडने गझल वाजवल्यासारखं होईल. तसं करणार असशील तर हे नाव खोडून टाक.

आता तू म्हणशील, आत्या जुन्या काळाचे गोडवे गाते. मुळीच नाही. आमच्या काळीही रद्दी भरपूर होती आणि ती आम्ही नळाला पाणी आल्यासारखी निमूट बघत होतो. आणि हल्लीच्या रोजच्या मालिका तू तिप्पट वेगाने बघ, माझी परवानगी आहे. सुनेने कप खाली ठेवला की सासूचा चेहरा, नणंदेचा चेहरा, पुन्हा सासूचा चेहरा, मागे ढणढणाट, की झाली जाहिरात. रोज वेळ भरून द्यायचा असतो, म्हणून तसं थांबतात. माझा खरा राग याचा आहे की या लोकांनी थांबण्यालाच बदनाम केलं. तुमच्या पिढीला पडद्यावर कुणी गप्प बसलं की वाटतं, फसवणूक चालली आहे. चला, पुढे ढकला. नुसतं भरताड कुठलं आणि माणूस खरोखर गप्प झाला आहे कुठे, हे ओळखायला शिकणं म्हणजेच मालिका बघायला शिकणं. बाकी सगळा टाइमपास.

नेटफ्लिक्सने २०१९ साली वेग वाढवायच्या या बटणाची चाचणी घेतली, तेव्हा हॉलिवूडचे दिग्दर्शक खवळले होते. जड अॅपटाउ त्यांत पुढे होता. तरी २०२०मध्ये ते बटण आलंच. तेव्हा अंध आणि ऐकू न येणाऱ्या लोकांच्या संघटनांनी त्याचं स्वागत केलं. बरोबरच आहे. कुणाला उपशीर्षकं वाचायला सावकाश लागतं, कुणाच्या कानाला भरभर ऐकायची सवय असते. त्यांची गरज आहे. तुला काय धाड भरली आहे?

असो. परदेशी हवी असेल तर किश्लोव्स्कीची ‘डेकालॉग’. पोलंडच्या टीव्हीसाठी केलेले दहा भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. वॉर्सॉतल्या एकाच वसाहतीत राहणारी माणसं आणि प्रत्येकाच्या दारात उभा ठाकलेला एकेक पेच. बहुतेक भागांत एक तरुण येतो. कधी तळ्याकाठी शेकोटीपाशी बसलेला, कधी रस्त्यावर. एक अक्षर बोलत नाही, नुसता बघतो. तू दीडपट वेगाने जाशील तर तो तुला दिसणारही नाही, आणि तो दिसला नाही तर काय पाहिलंस? पहिल्या भागात एक बाप आहे. तळ्यावरचा बर्फ मुलाचा भार पेलेल का, याचा हिशेब तो संगणकावर करतो. तुझ्यासारखाच, सगळं मोजून बघणारा. पुढचं सांगत नाही.

‘चेर्नोबिल’ पाहिलीस म्हणालास. एका रात्रीत पाचही भाग! तिचं संगीत करणाऱ्या बाईने एका अणुवीज केंद्रात जाऊन तिथले आवाज टिपले होते. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची कटकट हळूहळू वाढत जाते आणि आपल्या पोटात गोळा येतो. ती कटकट आधीच पळवलेली असेल तर ती वाढली हे तुला कळलं कसं? आणि रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी कामावर गेलास, की घरूनच? जेवलास काय? तुझ्याबरोबर राहणाऱ्या मुलाने खोली सोडल्यापासून तू एकटाच आहेस, हे मी विसरलेले नाही.

‘पंचायत’ बघ, हलकी आहे आणि फुलेऱ्यात कुणाला घाई नाही. रघुवीर यादवसाठी बघ. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ तुझी पाठच आहे, पण मिळाले तर दिलीप प्रभावळकरांचे आबा पुन्हा बघायला काही बिघडत नाही. ‘भारत एक खोज’चे त्रेपन्न भाग आहेत, ते श्याम बेनेगलांनी वर्गात शिकवल्यासारखे सावकाश घ्यायचे, महिन्याला दोन पुरेत. नसीरुद्दीनचा शिवाजी आणि ओम पुरीचा औरंगजेब एकाच मालिकेत आहेत, एवढंच सांगते.

दहा नावं होत नाहीत. दहा कशाला हवीत? एक राहिली आहे, तीच महत्त्वाची.

‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नागचं दिग्दर्शन, आगुंब्याच्या पावसाळी मुलखात चित्रण, मधे आर. के. लक्ष्मण यांची चित्रं. स्वामीचे वडील गिरीश कर्नाड आहेत. ते फार बोलत नाहीत. पोरगा समोर उभा असतो, बाप नुसता बघतो, आणि त्या दोघांमध्ये जे काही असतं ते दोघंही बोलत नाहीत. मला दरवेळी दादा आठवतो, तुझा बाप. तू सहावीतलं प्रगतिपुस्तक आणलंस, तेव्हा तो असाच बसला होता.

आता मूळ गोष्ट लिहिते. मघापासून लिहू की नको असं चाललं होतं. परवा वहिनीचा फोन होता. सहज बोलता बोलता म्हणाली, निनाद बाबांचे मेसेज दुप्पट वेगाने लावून ऐकतो, म्हणजे अडखळणं जाणवत नाही. तिला त्यात काही वाटलं नाही. मुलगा ऐकतो तरी, याचंच तिला समाधान. मला मात्र रात्री झोप आली नाही.

निन्या, दादाच्या आजारपणानंतर शब्द त्याच्या तोंडाशी येऊन अडतात. उपचार करणाऱ्या बाई सांगतात, घाई करू नका, वाक्य तुम्ही पुरं करू नका, त्यांना वेळ द्या. तो एक मेसेज पाठवतो तेव्हा खोलीचं दार लावून घेतो, आधी मनाशी जुळवतो, मग बटण दाबतो. जमलं नाही तर पुसतो, पुन्हा करतो. मी बघितलं आहे. तुझं नाव घ्यायला त्याला हल्ली वेळ लागतो. ‘नि’पाशी तो थांबतो. तुझ्या मोबाइलमध्ये तेच थांबणं आखडून जातं. तू कामात असतोस, मान्य. मन घट्ट करायचा तुझा हा मार्ग असेल, हेही कळतं; त्याचा आधीचा आवाज कसा होता ते तुझ्याइतकंच मलाही आठवतं, मी त्याची धाकटी बहीण आहे. पण त्याने जर विचारलं की मी नीट बोललो का, तर तू काय सांगणार?

म्हणून माझं ऐक. ‘तमस’ सध्या नको, तू एकटा आहेस. ‘डेकालॉग’ही मी आले की बघू. ‘मालगुडी डेज’ रविवारी दादाबरोबर बघ. तू तिकडे, तो इकडे, एकाच वेळी लावा. भाग छोटे आहेत, त्याला थकवा येणार नाही. संपल्यावर त्याला फोन कर आणि कसा वाटला ते विचार. मग गप्प बस. कितीही वेळ लागला तरी मधे बोलू नकोस आणि वहिनीलाही बोलू देऊ नकोस.

वहिनीला हे पत्र दाखवू नकोस.

तुझी,
आत्या

ता.क. डिंकाचे लाडू कुरिअरने पाठवले आहेत, मिळाले की कळव. आणि दादाला रविवारी सकाळी अकरानंतरच फोन कर, त्याआधी त्याचे बोलण्याचे व्यायाम असतात.